सबव्हर्जनमध्ये फोल्डरची प्रॉपर्टी खाली कशी उतरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सबव्हर्जन हे फायलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्यात फोल्डरवरच्या प्रॉपर्टीज (फाइल किंवा फोल्डरला जोडलेल्या नाव-मूल्याच्या नोंदी) आतल्या फोल्डरांना वारशाने मिळण्याची सोय १.८ मध्ये आली. ही आवृत्ती १८ जून २०१३ रोजी निघाली. त्याला बरीच वर्षं झाली, तरी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांचं मूळ एकच असतं: वारसा म्हणजे नक्कल, असा समज.

या पानावर आज्ञा आणि प्रॉपर्टीची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची. पत्त्याच्या सुरुवातीचं `^/` हे चिन्ह म्हणजे रिपॉझिटरीचं (सर्व्हरवरच्या साठ्याचं) मूळ.

१. फोल्डरला प्रॉपर्टी लावली की आतल्या सगळ्या फायलींना ती आपोआप लागते का?

लागत नाही, फक्त "दिसू" शकते. प्रॉपर्टी ज्या फोल्डरवर ठेवली तिथेच नोंदलेली राहते. एखाद्या प्रोग्रॅमने आतल्या फायलीबद्दल "हिला वरून काय मिळतं?" असं मुद्दाम विचारलं, तर सबव्हर्जन फायलीपासून रिपॉझिटरीच्या मुळापर्यंतचे सगळे फोल्डर तपासून उत्तर देतं. जमीन वडिलांच्या नावावर आहे, मुलगा वारस आहे, पण सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढलेलं नाही, तसं हे. म्हणून आतल्या फायलीवर नुसतं `एसव्हीएन प्रॉपलिस्ट` चालवलं तर काहीच दिसत नाही. ते बरोबरच आहे.

२. मग या वारशाचा प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो?

सबव्हर्जन स्वतः दोनच प्रॉपर्टीजच्या बाबतीत वारशावर कृती करतं:

- `एसव्हीएन:ऑटो-प्रॉप्स`: नव्याने जोडलेल्या फायलींना नावाच्या नमुन्यानुसार प्रॉपर्टीज लावते.
- `एसव्हीएन:ग्लोबल-इग्नोअर्स`: कुठल्या नावांच्या फायलींकडे दुर्लक्ष करायचं ते ठरवते.

टॉर्टॉइजएसव्हीएन (विंडोजवरचा सबव्हर्जनचा क्लायंट, म्हणजे वापरणाऱ्याच्या मशीनवरचा प्रोग्रॅम) आपल्या प्रकल्प-प्रॉपर्टीज (`टीएसव्हीएन:` आणि `बगट्रॅक:` ने सुरू होणाऱ्या) याच वाटेने वाचतं. कमिट करताना (बदल रिपॉझिटरीत नोंदवताना) लिहायच्या संदेशाची किमान लांबी आता मुळाशी एकदा ठेवली की पुरतं. पूर्वी, कुणी नुसता उपफोल्डर चेकआउट करत (डिस्कवर उतरवत) असेल तर, ती प्रत्येक उपफोल्डरवर लावावी लागायची, आणि नवा फोल्डर केला की हमखास राहून जायची.

तुम्ही स्वतः नाव देऊन केलेली प्रॉपर्टीही वारशाने वाचता येते, पण तिचं काय करायचं ते तुमच्या स्क्रिप्टने ठरवायचं.

३. फोल्डरला `एसव्हीएन:ईओएल-स्टाइल` लावायला गेलो तर चूक दाखवतो. वारसा आहे ना?

ओळीचा शेवट ठरवणारी ही प्रॉपर्टी फक्त फायलींची आहे. `एसव्हीएन:नीड्स-लॉक`, `एसव्हीएन:कीवर्ड्स`, `एसव्हीएन:एक्झिक्यूटेबल` आणि `एसव्हीएन:माइम-टाइप` यांचंही तेच. त्या फोल्डरवर ठेवताच येत नाहीत, त्यामुळे तिथून खाली उतरण्याचा प्रश्नच नाही. "या फोल्डरमधल्या सगळ्या शेल स्क्रिप्टना ओळीचा शेवट असाच हवा" हे सांगायची जागा म्हणजे फोल्डरवरची ऑटो-प्रॉप्स:

`*.एसएच = एसव्हीएन:ईओएल-स्टाइल=नेटिव्ह;एसव्हीएन:एक्झिक्यूटेबल`

एका ओळीत एक नमुना, आणि प्रॉपर्टीज अर्धविरामाने वेगळ्या. मूल्यातच अर्धविराम हवा असेल (माइम-टाइपमध्ये अक्षरसंच सांगताना हे हटकून येतं) तर तो दोनदा लिहायचा: `टेक्स्ट/प्लेन;;कॅरसेट=यूटीएफ-८`. एकदाच लिहिला तर उरलेला तुकडा वेगळी प्रॉपर्टी समजला जातो.

४. वरून काय काय मिळतंय ते बघायचं कसं?

`एसव्हीएन प्रॉपगेट एसव्हीएन:ग्लोबल-इग्नोअर्स --शो-इनहेरिटेड-प्रॉप्स -व्ही .`

प्रॉपर्टीचं नाव माहीत नसेल तर `प्रॉपगेट` आणि नाव यांच्या जागी नुसतं `प्रॉपलिस्ट` लिहा. कुठली प्रॉपर्टी कोणत्या फोल्डरवरून आली ते स्वतंत्रपणे दिसतं. मुळाजवळचा पूर्वज (वरचा फोल्डर) आधी येतो, सर्वात जवळचा शेवटी. वर्किंग कॉपीच्या (चेकआउट करून डिस्कवर आलेल्या प्रतीच्या) आतला पूर्वज डिस्कवरच्या मार्गाने दाखवला जातो, तिच्या बाहेरचा रिपॉझिटरीच्या पत्त्याने. हा फरक प्रश्न १३ मध्ये कामी येतो.

५. प्रॉपर्टी रिपॉझिटरीच्या मुळाशी ठेवायची आहे. त्यासाठी ४० जीबीचं सगळं चेकआउट करायचं का?

अजिबात नाही. डेप्थ (किती खोलवर उतरवायचं ते) 'एम्प्टी' ठेवून चेकआउट करा:

`एसव्हीएन चेकआउट --डेप्थ एम्प्टी <मुळाचा पत्ता> मूळ`

यात मुळाचा फोल्डर तेवढा येतो, आतलं काहीच येत नाही. त्यावर प्रॉपर्टी ठेवा आणि कमिट करा. दुसरा मार्ग: `एसव्हीएन प्रॉपएडिट` थेट पत्त्यावर चालतं, मूल्य संपादकात उघडतं आणि बंद केलं की कमिट होतं. `प्रॉपसेट` मात्र पत्त्यावर चालत नाही. स्क्रिप्टमधून करायचं असेल तर `एसव्हीएनमक` हे वेगळं साधन आहे, त्याचं `प्रॉपसेट` थेट सर्व्हरवर काम करतं.

मुळाशी काही ठेवण्याआधी मात्र प्रश्न १० वाचा.

६. फक्त प्रॉपर्टी बदलली, तरी कमिट करताना "फोल्डर जुना झाला आहे" असं का येतं?

फोल्डरची प्रॉपर्टी कमिट करताना तो फोल्डर ताज्या आवृत्तीवर असावा लागतो. तुम्ही आतली एखादी फाइल नुकतीच कमिट केली असेल तर ती फाइल पुढे गेलेली असते, पण फोल्डर तुमच्याकडे जुन्याच आवृत्तीवर राहिलेला असतो. `एसव्हीएन अपडेट` करा आणि पुन्हा कमिट करा. तुमचा प्रॉपर्टीतला बदल अपडेटने जात नाही.

७. `एसव्हीएन:इग्नोअर` आणि `एसव्हीएन:ग्लोबल-इग्नोअर्स` यांत फरक काय?

पहिली फक्त त्याच फोल्डरमधल्या थेट गोष्टींना लागू होते, एक पायरीही खाली जात नाही. दुसरी कितीही खोल जाते. दोन्हींमध्ये एका ओळीत एक नमुना लिहा. नमुना फक्त शेवटच्या नावाशी ताडला जातो, त्यामुळे `अहवाल/*.टीएमपी` असा तिरक्या रेघेचा मार्ग लिहिला तर तो कधीच जुळत नाही.

आणखी एक खाच आहे. दुर्लक्षाचे नमुने लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतात. नमुना लहान अक्षरांत असेल आणि फायलीचा विस्तार कॅपिटलमध्ये, तर ती फाइल प्रश्नचिन्हासह दिसतच राहते. ऑटो-प्रॉप्सचे नमुने उलट वागतात, त्यांना हा भेद कळत नाही. दोन्ही प्रॉपर्टीज एकाच दिवशी लावणारा माणूस इथे हमखास गोंधळतो.

आणि जी फाइल आधीच रिपॉझिटरीत आहे तिच्यावर दोन्हींचा काडीचाही परिणाम होत नाही.

८. मी `*.लॉग` लावलं, पण प्रॉपर्टीत `चूक.लॉग` असं एकाच फायलीचं नाव आलं. हे काय?

हे तुमच्या शेलचं (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला `*.लॉग` सबव्हर्जनपर्यंत पोचतच नाही. शेल त्याआधीच त्याचा विस्तार करतो. चालू फोल्डरमध्ये एकच लॉग असेल तर त्याचं नाव निमूटपणे मूल्य बनतं. कुठे चूक दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा लॉग तयार झाला की लक्षात येतं. एकाहून जास्त असतील तर पहिलं नाव मूल्य होतं आणि उरलेली नावं "प्रॉपर्टी कुठे लावायची" या यादीत जातात. आज्ञा मग काहीतरी असंबद्ध तक्रार करते.

एकच नमुना असेल तर एकेरी अवतरणात लिहा. एकाहून जास्त असतील तर ते मजकुराच्या फाइलमध्ये लिहून `-एफ` पर्यायाने द्या.

आणखी एक: `प्रॉपसेट` जुन्या मूल्यात भर घालत नाही, ते पुसून नवं ठेवतं. आधीचे १५ नमुने असतील तर ते गेले. भर घालायची तर `प्रॉपएडिट` वापरा. कमिट झालं नसेल तर `एसव्हीएन रिव्हर्ट .` ने जुनं परत येतं.

९. मुळाशी, ट्रंकवर (मुख्य कामाच्या फोल्डरवर) आणि आतल्या फोल्डरवर, तिन्हीकडे तीच प्रॉपर्टी आहे. कुणाची चालते?

प्रॉपर्टीवर अवलंबून आहे. ग्लोबल-इग्नोअर्समध्ये कुणी जिंकत नाही, सगळ्यांची बेरीज होते: तिन्ही फोल्डरांचे नमुने, तुमच्या कॉन्फिग फाइलमधले नमुने आणि त्या फोल्डरवरची `एसव्हीएन:इग्नोअर`.

ऑटो-प्रॉप्समध्येही आधी बेरीज होते, पण नमुना आणि प्रॉपर्टी दोन्ही तेच असतील तर जवळचा पूर्वज जिंकतो. उदाहरण:

- `^/` वर: `*.टीएक्सटी = एसव्हीएन:ईओएल-स्टाइल=नेटिव्ह`
- `^/ट्रंक/विंडोज` वर: `*.टीएक्सटी = एसव्हीएन:ईओएल-स्टाइल=सीआरएलएफ`

`ट्रंक/विंडोज` मध्ये जोडलेल्या मजकूर फायलीला सीआरएलएफ (विंडोजच्या पद्धतीचा ओळीचा शेवट) मिळेल, बाकी सगळीकडे नेटिव्ह (ज्या त्या मशीनच्या पद्धतीचा). आता खालच्या फोल्डरवर नमुना `*.टीएक्सटी` ऐवजी `वाचा*.टीएक्सटी` असा असता, तर सबव्हर्जनच्या लेखी ते दोन वेगळे नमुने. फाइल दोन्हींना जुळते, दोन्ही लागू होतात, आणि शेवटी कुणाचं मूल्य राहील याची कसलीही हमी नाही. म्हणून वरचा नियम मोडायचा असेल तर नमुना अक्षरशः तोच लिहा.

वरच्या दोन सोडून इतर प्रॉपर्टीजच्या बाबतीत सबव्हर्जन फक्त यादी देतं. बेरीज करायची की जवळचं मूल्य घ्यायचं ते वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर आहे.

१०. एका उपफोल्डरला वरच्या वारशातून वगळता येतं का?

नाही. "हे सोडून" असं सांगायची सोयच नाही. गिटच्या दुर्लक्ष-यादीत उद्गारचिन्हाने अपवाद करता येतो, तसं इथे काही नाही. उपफोल्डरवर `प्रॉपडेल` चालवलं तर तुम्ही नसलेली प्रॉपर्टी काढताय एवढंच ते सांगतं, कारण ती तिथे नोंदलेलीच नाही. उपफोल्डरवर रिकामं मूल्य ठेवूनही वरचा वारसा तुटत नाही.

त्यामुळे आमचा आग्रह: मुळाशी फक्त तेच ठेवा ज्याबद्दल पुढची पाच वर्षं वाद होणार नाही. कंपायलरचं उरलंसुरलं, संपादकाच्या तात्पुरत्या फायली, एवढंच. `*.डीएलएल` किंवा `बिन` असले नमुने मुळाशी ठेवले की कधीतरी कुणाला तरी तयार लायब्ररी रिपॉझिटरीत ठेवायची असते, आणि ती `स्टेटस` मध्ये दिसतच नाही. असे नमुने प्रकल्पाच्या फोल्डरवर उतरवा.

एखाद-दुसऱ्या फायलीपुरती अडचण असेल तर नाव घेऊन `एसव्हीएन ॲड` करा. नाव स्पष्ट दिलं की दुर्लक्षाचे नमुने पाहिले जात नाहीत. याची दुसरी बाजू म्हणजे `एसव्हीएन ॲड *`. इथेही शेल सगळी नावं उलगडून देतो, म्हणजे प्रत्येक नाव "स्पष्ट" ठरतं आणि नको त्या फायलीही आत येतात. सरसकट जोडायचं तर `एसव्हीएन ॲड --फोर्स .` वापरा.

११. काल ऑटो-प्रॉप्स लावली. जुन्या फायलींना काहीच झालं नाही.

होणारही नाही. ती फक्त `ॲड` आणि `इम्पोर्ट` च्या क्षणी वाचली जाते. `कॉपी` किंवा `मूव्ह` करतानाही नाही, तेव्हा फाइल आपल्या आधीच्या प्रॉपर्टीज घेऊन जाते. जुन्या फायलींना एकदा हाताने `प्रॉपसेट` करा. ओळीच्या शेवटाची प्रॉपर्टी लावताना ज्या फायलींत दोन प्रकारचे शेवट मिसळलेले आहेत तिथे अडेल, त्या आधी एका प्रकारच्या करून घ्या. हा बदल वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, कारण फरक बघताना अख्खी फाइल बदललेली दिसू शकते.

उलट दिशेनेही तेच: ऑटो-प्रॉप्स काढून टाकली तरी तिने आधी फायलींवर लावलेल्या प्रॉपर्टीज तशाच राहतात. त्या आता फायलींच्या स्वतःच्या झाल्या.

१२. माझ्या कॉन्फिग फाइलमध्ये ऑटो-प्रॉप्स बंद आहे, तरी लागतंय. का?

`एनेबल-ऑटो-प्रॉप्स` हा स्विच फक्त कॉन्फिग फाइलमधल्या नियमांचा आहे. रिपॉझिटरीतून येणाऱ्या ऑटो-प्रॉप्सला तो लागू नाही. दोन्ही एका फटक्यात बंद करायचे तर आज्ञेला `--नो-ऑटो-प्रॉप्स` जोडा. कॉन्फिगमध्ये आणि फोल्डरवर तोच नमुना, तीच प्रॉपर्टी असेल तर फोल्डर जिंकतो.

१३. सहकाऱ्याला वरची प्रॉपर्टी दिसते, मला नाही. एकच रिपॉझिटरी, एकच फोल्डर.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कारणं तीन, याच क्रमाने तपासा.

पहिलं, शिळी नोंद. तुमचं चेकआउट `^/ट्रंक/कोड` चं आहे आणि प्रॉपर्टी `^/ट्रंक` वर, म्हणजे तुमच्या वर्किंग कॉपीच्या बाहेर. अशा बाहेरच्या पूर्वजांच्या प्रॉपर्टीज सबव्हर्जन चेकआउट, अपडेट किंवा स्विचच्या वेळी आणून वर्किंग कॉपीच्या मुळाशी साठवतं. `स्टेटस` नेटवर्कशिवाय चालतं ते त्यामुळेच. दोन अपडेटच्या मध्ये कुणी वर बदल केला तर तो तुम्हाला दिसत नाही. साठा मुळाशी असल्याने नुसता एखादा उपफोल्डर अपडेट करूनही उपयोग नाही, वर्किंग कॉपीच्या मुळाशी जाऊन अपडेट करा. खात्री करायची तर प्रश्न ४ मधली आज्ञा एकदा `.` वर आणि एकदा त्याच फोल्डरच्या रिपॉझिटरीतल्या पत्त्यावर चालवा. दुसरी थेट सर्व्हरला विचारते. उत्तरं वेगळी आली तर साठा शिळा आहे.

दुसरं, परवानगी. सर्व्हरवर मार्गानुसार हक्क लावलेले असतील आणि तुम्हाला `^/` वाचायचा हक्क नसेल, फक्त `^/ट्रंक/कोड` चा असेल, तर मुळावरची प्रॉपर्टी तुम्हाला मिळणारच नाही. इशारा नाही, चूक नाही, जणू ती नाहीच. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळं वाचता येतं, म्हणून त्याच्या मशीनवर सगळं ठीक असतं आणि वाद सुरू होतो. उपाय: प्रॉपर्टी अशा पातळीवर ठेवा जी संबंधित सगळ्यांना वाचता येते.

तिसरं, जुना क्लायंट. १.७ ला वारसा ही कल्पनाच माहीत नाही. संपादकाच्या प्लगइनमध्ये स्वतःचा वेगळा क्लायंट असू शकतो, तोही बघा.

प्रॉपर्टी ज्या फोल्डरवर आहे तो तुमच्या वर्किंग कॉपीच्या आतच असेल तर साठ्याचा प्रश्न येत नाही. तिथे कमिट न केलेला बदलही आतल्या फोल्डरांना लगेच लागू होतो.

१४. ब्रँच काढली आणि ऑटो-प्रॉप्स गायब झाली.

ट्रंकची ब्रँच (वेगळ्या कामासाठीची कॉपी) काढली की काही बिघडत नाही, कारण ट्रंकवर नोंदलेल्या प्रॉपर्टीज कॉपीबरोबर जातात. पण `^/ट्रंक/कोड` ची कॉपी `^/ब्रँचेस/कोड-२` मध्ये केली तर `ट्रंक` हा आता तिचा पूर्वज नाही. वारसा पत्त्यावरून ठरतो, फाइल मुळात कुठून आली यावरून नाही. `^/` वरचं मिळत राहील, `^/ट्रंक` वरचं तुटेल. उपफोल्डरांच्या ब्रँच काढायची सवय असेल तर प्रॉपर्टी त्याच उपफोल्डरवर ठेवा.

१५. स्विच केलेला फोल्डर आणि एक्स्टर्नल्स यांचं काय?

दोन्ही ठिकाणी डिस्कवर शेजारी कोण आहे ते पाहिलं जात नाही. स्विच केलेला (रिपॉझिटरीतल्या दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेला) फोल्डर रिपॉझिटरीतल्या आपल्या खऱ्या पूर्वजांकडून घेतो, ज्या फोल्डरात तो बसलाय त्याच्याकडून नाही. एक्स्टर्नल म्हणून आलेला (दुसऱ्या पत्त्यावरून आणून जोडलेला) फोल्डर ही तर स्वतंत्र वर्किंग कॉपीच असते, कदाचित वेगळ्याच रिपॉझिटरीची. तुमचे दुर्लक्षाचे नमुने तिथे पोचत नाहीत. वारसा रिपॉझिटरीची हद्द कधीच ओलांडत नाही. एका सर्व्हरवर ३० रिपॉझिटरीज असतील तर ३० ठिकाणी प्रॉपर्टी ठेवावी लागेल.

१६. `एसव्हीएन:मर्जइन्फो` पण वारशाने मिळते ना?

मिळते, पण ते घराणं वेगळं. मर्जइन्फो म्हणजे कोणते बदल आधीच मर्ज केले (दुसऱ्या ब्रँचमधून आणून मिसळले) त्याची नोंद. तिचा वारसा १.५ पासून, म्हणजे २००८ पासून आहे आणि नियम निराळे आहेत. फायलीवर स्वतःची मर्जइन्फो असेल तर वरची पूर्ण बाद, बेरीज नाही. नसेल तर सर्वात जवळच्या पूर्वजाची घेतली जाते आणि तिच्यातल्या मार्गाला उरलेला मार्ग जोडला जातो. आवृत्तीपुढे तारांकन असेल तर ती नोंद खाली उतरत नाही. अर्धवट खोलीच्या वर्किंग कॉपीत मर्ज केलं की अशा तारांकित नोंदी तयार होतात. ही प्रॉपर्टी हाताने बदलू नका.

१७. सर्व्हर १.७ चा आहे. क्लायंट १.८ चा घेतला तर चालेल का?

चालेल. सर्व्हरला एकत्र उत्तर देता येत नाही, म्हणून क्लायंट एकेका पूर्वजाला वेगळं विचारतो. खोल फोल्डर आणि संथ नेटवर्क असेल तर अपडेटला थोडा जास्त वेळ लागेल. जुनी वर्किंग कॉपी असेल तर आधी `एसव्हीएन अपग्रेड` करा, मग मुळाशी एकदा अपडेट.

१८. ट्रंक आणि ब्रँच दोन्हीकडे ऑटो-प्रॉप्समध्ये वेगवेगळ्या ओळी घातल्या. मर्ज करताना संघर्ष का?

फायलीचा मजकूर ओळीओळीने जुळवला जातो, प्रॉपर्टीचं मूल्य मात्र एकसंध धरलं जातं. दोन्हीकडे बदललं आणि दोन्ही मूल्यं वेगळी, की संघर्ष, ओळी वेगळ्या असल्या तरी. फोल्डरमध्ये `.पीआरइजे` ने संपणारी फाइल येते, तिच्यात तपशील असतो. `प्रॉपएडिट` ने हाताने एकत्र करा आणि `एसव्हीएन रिझॉल्व्ह --अ‍ॅक्सेप्ट वर्किंग .` द्या. हा त्रास टाळायचा तर ऑटो-प्रॉप्स फक्त ट्रंकवर बदला, ब्रँचमध्ये ती मर्जनेच येऊ द्या.

१९. यातून नियम सक्तीने पाळायला लावता येतील का?

नाही. वारसा ही क्लायंटसाठी सोय आहे, सर्व्हरचा पहारा नाही. प्रश्न १२ मधला पर्याय कुणीही वापरू शकतो, जुना क्लायंट तर प्रॉपर्टी वाचतच नाही. सक्ती हवी असेल तर सर्व्हरवर कमिटपूर्व हुक (कमिट पक्कं होण्याआधी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) लिहा. `एसव्हीएनलुक` हे सर्व्हरवर रिपॉझिटरी तपासायचं साधन. `एसव्हीएनलुक प्रॉपगेट` लाही `--शो-इनहेरिटेड-प्रॉप्स` चालतो, आणि `-टी` ने व्यवहाराचा क्रमांक दिला की होऊ घातलेल्या कमिटमध्ये फायलीला वरून काय मिळतं ते कळतं. तो थेट रिपॉझिटरी वाचतो, म्हणून प्रश्न १३ मधली परवानगीची अडचण हुकला येत नाही.

हुकने फक्त नकार द्यावा आणि कुठल्या फायलीला कुठली प्रॉपर्टी हवी ते संदेशात सांगावं. हुकमधून परस्पर प्रॉपर्टी लावून कमिट पुढे ढकलण्याचा मोह होतो, पण तसं केलं की सर्व्हरवर एक आणि कमिट करणाऱ्याच्या वर्किंग कॉपीत दुसरंच, अशी अवस्था होते आणि क्लायंटला त्याचा पत्ताही नसतो.